आर्लीन, कॉफी टाक

लाइल वावरा मुळात बोलका माणूस नव्हता, हे सांगितलं तर सीडर बेंडमध्ये कुणी विश्वास ठेवणार नाही. पण ते खरं आहे. दिवसभर तो सहकारी धान्यकोठारावर मक्याचे ट्रक वजनकाट्यावर घ्यायचा आणि शेतकऱ्यांशी दोन शब्दांपलीकडे बोलायचा नाही. 'ओला आहे' हे ते दोन शब्द, आणि तेही कुठल्याच शेतकऱ्याला न आवडणारे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र शाळेच्या जिममध्ये माइकसमोर बसला की त्याच्या अंगात यायचं. गावच्या पोरींनी बास्केटबॉलची एक साधी फेक जाळ्यात टाकली तरी लाइल ती अशी सांगायचा, की समोर बसून पाहणाऱ्यालाही वाटावं, आपलं काहीतरी बघायचं राहून गेलं.

शाळेत कर्ट ओस्टर नावाचा कॉम्प्युटरचा मास्तर होता. हुशार, हट्टी, आणि नेब्रास्कात राहून कोट घालणारा. एका शुक्रवारी तो कॅमेरा, लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ घेऊन लाइलच्या टेबलाशी आला.

"मॅच इंटरनेटवर दाखवायचीय. तू बोलशील का?"

"कोण बघणार?" लाइलने विचारलं.

"ज्यांना इथे येता येत नाही ते."

"ज्यांना येता येत नाही, ते एकतर मेलेत नाहीतर हिवाळ्यापुरते अ‍ॅरिझोनात पळालेत."

"मेलेल्यांकडे इंटरनेट नाही," कर्ट म्हणाला. "अ‍ॅरिझोनावाल्यांसाठी बोल."

झालं. अशा रीतीने 'बिग बेंड स्पोर्ट्स' सुरू झालं. ना मनोरा, ना परवाना, ना टीव्हीवर जागा. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनी रोल विकणाऱ्या टेबलाशेजारी एक लॅपटॉप, एवढंच ते चॅनेल. चित्र थांबत, अडखळत पोचायचं आणि पोचायचं तेही अर्धा मिनिट उशिरा. जिममध्ये गुण लागून लोक नाचून खाली बसलेले असायचे, तेव्हा कुठे घरच्या पडद्यावर चेंडू पोरीच्या हातातून सुटायचा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मायलो प्सोता नावाचा एक वात्रट म्हातारा जिममधून बायकोला फोन करून सांगायचा, "आता बघ, ती उंच पोरगी फेकेल आणि पडेल गुण!" आणि बायको इतकी वर्षं संसार करून पहिल्यांदाच नवऱ्याच्या अकलेवर खूश व्हायची.

पहिल्या दिवशी मॅच संपली, गर्दी पांगली, कर्ट वायरी गुंडाळायला लागला. लाइलची बायको आर्लीन घरी होती. तिला पाठीचं दुखणं, जिमच्या फळ्यांवर बसवायचं नाही. घर गावापासून लांब, नदीच्या अंगाला. लाइल तेव्हा मोबाइल बाळगत नसे, मॅच संपली की तिला शाळेच्या ऑफिसातून फोन करायचा, कारण घरी पोचेपर्यंत कॉफी तयार असावी हा त्याचा जन्माचा हट्ट. त्या दिवशी ऑफिसला कुलूप. लाइलला एकदम सुचलं, की आर्लीन तर कॉम्प्युटरसमोरच बसली असणार. तो माइककडे वाकला आणि म्हणाला, "आर्लीन, कॉफी टाक. निघालोच."

"लाइल, अजून सगळे ऐकतायत," कर्ट म्हणाला.

"मग त्यांनीही टाकावी."

आठवडाभरात अ‍ॅरिझोनातून पत्रं आली. आर्लीनने कॉफी टाकली का? कडक होती का? लाइल लाजला, पण पुढच्या शुक्रवारी न राहवून पुन्हा म्हणाला. मग ती रीतच पडली. मॅच जिंको, हरो, शेवट त्या वाक्याने. दुकानात, चर्चच्या पायरीवर, पेट्रोल पंपावर लोक आर्लीनला हाक मारायचे, "आर्लीन, कॉफी टाक!" आणि ती न वळता म्हणायची, "तुमच्या घरची काय चूल बंद आहे?" आतून मात्र सुखावायची. मॅचमधलं तिला ओ की ठो कळायचं नाही. ती त्या वाक्यासाठी शेवटपर्यंत बसायची, ते ऐकलं की उठून भांडं चुलीवर ठेवायची, आणि लाइलच्या गाडीचे दिवे दिसले की दारात येऊन एकच प्रश्न विचारायची, "आलास? किती उशीर!"

बिग बेंड वाढलं. आधी शेजारच्या शाळा आल्या, मग शेजारचे जिल्हे, मग कॅन्ससच्या सीमेपलीकडची छोटी कॉलेजं. कर्टने शाळेची नोकरी सोडली आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या जुन्या शेडमध्ये स्टुडिओ थाटला. उन्हाळ्यात तिथे अजून ग्रीसचा वास यायचा. लोक आधी कॉम्प्युटरवर बघत, मग फोनवर बघायला लागले, मग वर्गणी आली, मग वर्गणी गेली आणि जाहिराती आल्या. बाकीची चॅनेलं टीव्हीवरून इंटरनेटवर येत होती. बिग बेंडने उलटी वाट धरली, इंटरनेटवर जन्मलं आणि नाव झाल्यावर केबलवाल्यांनी त्याला मानाने टीव्हीत नेऊन बसवलं. सगळ्यांत लहान गावांचे सगळ्यांत लहान सामने, दिवसभर, एकामागून एक. मोठ्या चॅनेलांना ज्या पोरांची नावं उच्चारता येत नव्हती, ती लाइल बिनचूक घ्यायचा, कारण त्यांच्या आज्यांना तो ओळखत होता.

मग कर्टने ते डलासच्या एका कंपनीला विकलं आणि कोट घालून कोलोराडोला निघून गेला. त्याला दोष द्यायचा तर द्या, मी देणार नाही. शेडमधलं ग्रीस त्यानेच हुंगलं होतं. नव्या मालकांनी पहिलं काम काय केलं, तर नावातलं 'बिग' काढून टाकलं. चॅनेल मोठं झालं आणि नाव उरलं नुसतं 'बेंड'.

दुसरं काम म्हणजे जिममध्ये खांब आले. खांबावर कॅमेरे, ते आपोआप चेंडूमागे मान फिरवायचे. माणूस लागेना. आणि तिसरं काम म्हणजे लाइलला ओमाहाला बोलावून एका मऊ भिंतींच्या खोलीत बसवलं. आकडे, रंग, गावांची नावं, 'काय फेकलाय!', 'अरेरे, थोडक्यात हुकला!' असलं सगळं हसून, ओरडून, हळहळून वाचून घेतलं. जोडीला त्याच्या इतक्या वर्षांच्या मॅचेस त्यांच्याकडे होत्याच. काम झाल्यावर एका पोराने त्याला कंपनीचं जाकीट दिलं आणि म्हणाला, "मिस्टर वावरा, तुमचा आवाज आता कायम आमच्यात राहील." लाइलला वाटलं, शाळेच्या भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो लावतात तसलं काहीतरी. पडद्यावर 'मान्य आहे' असं बटण आलं, ते त्याने दाबलं. आपल्या गावात दिलेल्या जाकिटाला नाही म्हणायची पद्धत नाही.

पुढच्या हंगामात त्याला कुणी बोलावलंच नाही. त्याला त्याचं वाईट वाटायलाही फुरसत नव्हती, कारण तोवर आर्लीन हरवायला लागली होती. आधी कॉफीत मीठ पडलं, त्यावर दोघं हसले. मग ती गाडी घेऊन दुकानात गेली आणि दुकान कशाला म्हणतात तेच विसरली. मग एका सकाळी तिने लाइलला विचारलं, "तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात का?" तेव्हा मात्र लाइल गोठ्यात जाऊन रडला. गोठ्यात गाई नव्हत्या, त्या कधीच विकल्या होत्या. पण नेब्रास्काचा पुरुष घरात रडत नाही.

गावाबाहेर वृद्धांची शुश्रूषा करणारं घर आहे, त्याला सगळे 'मॅनर' म्हणतात. तिथे आर्लीनला खोली मिळाली. तिची देखभाल करायला मारिसोल होती, कमरेएवढी उंच आणि सगळ्या म्हाताऱ्यांना धाकात ठेवणारी बाई. तिनेच एका दुपारी आर्लीनच्या खोलीतल्या टीव्हीवर बेंड लावून दिलं.

लाइल शेजारी खुर्चीत बसला होता. आयडाहोतल्या कुठल्याशा दोन शाळांची मॅच. पडद्यातून आवाज आला, "काय फेकलाय! अहाहा!" आणि लाइलच्या हातातला चमचा खाली पडला. तो आवाज त्याचा होता. आजचा घोगरा, खोकणारा नव्हे, पंधरा वर्षांपूर्वीचा, भरलेला. आयडाहोत लाइल आयुष्यात गेला नव्हता.

"अगं, हे मी नाही," तो आर्लीनला म्हणाला. "म्हणजे मीच, पण..."

"श्श्!" आर्लीनने ओठांवर बोट ठेवलं. "लाइल बोलतोय."

कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून त्याचं नाव आलं होतं. ते ऐकायला तो शेजारीच बसला होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मॅच संपली. कंपनीने लाइलचा आवाज एका यंत्राला शिकवला होता, आणि शिकवताना कुणीतरी त्याच्या जुन्या मॅचेस घातल्या होत्या, आणि त्या सगळ्या एकाच वाक्यावर संपत होत्या. यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्याला वाटलं, मॅच अशीच संपवायची असते. आयडाहोतली पोरं हस्तांदोलन करत होती आणि लाइलचा आवाज प्रेमाने म्हणाला, "आर्लीन, कॉफी टाक. निघालोच."

आर्लीन ताडकन उठली. भांडं शोधायला लागली. कपाट उघडलं, खण उपसले, मग दारात जाऊन उभी राहिली. लाइल मागून म्हणत होता, "मी इथेच आहे गं." ती वळून बघेना. कुणी आलं नाही, तेव्हा ती लहान मुलीसारखी रडायला लागली. तेवढ्यात वायोमिंगची मॅच सुरू झाली. तीही संपली. पुन्हा तेच. चॅनेल दिवसभर चालणारं, आणि प्रत्येक मॅचनंतर लाइल निघायचा आणि कधीच पोचायचा नाही.

"बंद करते मी हे," मारिसोल म्हणाली आणि तिने टीव्ही बंद केला. तर आर्लीन टीव्हीच्या मागे हात घालून शोधायला लागली. "कुठे ठेवलंत त्याला? इथेच होता!" ती इतकी घाबरली की टीव्ही पुन्हा लावावा लागला.

लाइलने डलासला फोन केला. ब्रियाना नावाची एक गोड आवाजाची मुलगी बोलली. "अय्या, तुम्ही खरे लाइल? आम्हा सगळ्यांना ते वाक्य इतकं आवडतं! आम्ही मगवर पण छापलंय."

लाइलने सगळं सांगितलं. आवाज राहू दे, पण तेवढं एक वाक्य काढा.

"किती वाईट वाटलं ऐकून. मी पुढे पाठवते. थोडा वेळ लागेल."

आणि इथे लाइलने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तो म्हणाला, "घाई नाही. सवडीने करा." आमच्याकडच्या माणसाच्या घराला आग लागली, तरी तो बंबवाल्यांना फोन करून आधी विचारेल, जेवताना तर त्रास देत नाही ना? बायको दिवसातून पाच वेळा दारात उभी राहून रडते आहे, आणि हा म्हणतो घाई नाही! मला हे कळलं तेव्हा त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

एके दिवशी मॅच संपत आली असताना तो खालच्या स्वयंपाकघरातून दोन कागदी पेल्यांत कॉफी घेऊन येत होता. तो दारात पोचायला आणि आत टीव्ही म्हणायला एकच गाठ पडली, "निघालोच." आर्लीन वळली. दारात टोपी घातलेला, हातात कॉफी असलेला माणूस.

"आलास?" ती म्हणाली. "किती उशीर!"

तिने त्याच्या हातातून पेला घेतला, त्याच्या बाहीवरचा धागा काढून टाकला आणि म्हणाली, "अरे, किती वाळलास. कोठारावर धड खातोस की नाही?" मग तिने कोंबड्यांचं विचारलं, नदीच्या पाण्याचं विचारलं, मायलो प्सोता अजून वात्रटपणा करतो का ते विचारलं. पुढची मॅच रंगात येईपर्यंत ती त्याची बायको होती. मग हळूहळू तिची नजर पडद्याकडे गेली, आणि ती त्याला म्हणाली, "श्श्."

त्यानंतर लाइलला नवा धंदा लागला. मॅनरच्या मोठ्या हॉलमध्ये केबलचा टीव्ही होता, आर्लीनच्या खोलीतला इंटरनेटवरचा. तेच चॅनेल, पण खोलीतलं अर्धा मिनिट मागे. हॉलमध्ये 'आर्लीन, कॉफी टाक' झालं की लाइलने पेले उचलायचे, बोळातून चालत जायचं, दाराबाहेर उभं राहायचं, आणि आत वाक्य संपलं की प्रवेश. मायलो प्सोताही आता तिथेच होता, चाकांच्या खुर्चीत. तो हॉलमधून ओरडायचा, "लाइल, शिट्टी झाली! पळ, नाहीतर दुसरा कुणी नवरा घुसेल!"

"तू गप रे. तुला कुणी कॉफी विचारत नाही म्हणून जळतोस."

"मला कॉफीने जुलाब होतात. जा, जा!"

तो सबंध हिवाळा लाइल दर दुपारी दोन-तीनदा घरी आला. दर वेळी उशीर झालेला असायचा, दर वेळी ती रागवायची. तो मारिसोलला म्हणाला, "लग्न झाल्यापासून इतक्या वेळा मी कधी वेळेवर पोचलो नव्हतो." डलासला केलेला फोन तो साफ विसरून गेला होता.

डलास विसरलं नव्हतं. मार्चमध्ये, राज्याच्या अंतिम स्पर्धा चालू असताना, तो मॅनरच्या आवारात गाडी लावत होता आणि फोन वाजला.

"मिस्टर वावरा, ब्रियाना बोलतेय! गोड बातमी आहे. तुमचं काम झालं. आज सकाळपासून ते वाक्य नाही."

लाइलला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो म्हणाला, "परत घाला."

"सर?"

"ते वाक्य. परत घाला पोरी. माझं चुकलं. मला ते हवंय."

"पण सर, तुमचीच विनंती होती. आम्ही तिथे नवं वाक्य बसवलंय. आता बदल म्हणजे पुढच्या हंगामात." ती थांबली. तिलाही काहीतरी जाणवलं असावं. "घाई आहे का?"

"हो," लाइल म्हणाला. असं तो जन्मात पहिल्यांदाच कुणाला म्हणत होता. "घाई आहे. फार घाई आहे."

"मी लिहून घेते सर," ती म्हणाली, आणि तिने खरंच लिहून घेतलं असेल. तिच्या हातात तरी दुसरं काय होतं.

लाइल गाडीतच बसून राहिला. मग त्याच्या मनात आलं, अरे, आवाज तर माझाच आहे. यंत्राला मी शिकवलं, यंत्राने मला नाही. वाक्य आपणच म्हणायचं. त्याने काच वर केली, घसा खाकरला आणि गाडीच्या स्टिअरिंगला सांगितलं, "आर्लीन, कॉफी टाक. निघालोच." खरखरीत झालं. पुन्हा म्हणाला. निघालोच म्हणताना खोकला आला. खोकल्याची गोळी चघळून पुन्हा म्हणाला, आणि या वेळी त्याला स्वतःला तरी ते बरं वाटलं.

हॉलमध्ये मॅच शेवटच्या क्षणांत होती. लाइलकडून सगळ्यांना बातमी कळली होती, मारिसोल आर्लीनच्या दाराशी थांबली होती. शिट्टी झाली. लाइलचा तरुण आवाज म्हणाला, "बेंड पाहिल्याबद्दल आभार. आमचं अ‍ॅप आजच घ्या."

अर्धा मिनिट होता. लाइलने पेले उचलले आणि बोळातून निघाला. दाराबाहेर उभा राहिला. आत शिट्टी झाली, आभार झाले, अ‍ॅप झालं. त्याने छाती भरून घेतली.

"आर्लीन, कॉफी टाक! निघालोच!"

आत तिची पावलं वाजली. दार उघडलं गेलं आणि ती समोर उभी होती, केस विंचरलेले, निळा स्वेटर घातलेला. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिला हसू आलं, लोक पेट्रोल पंपावर हाक मारायचे तेव्हा यायचं तसं.

"तुम्हीही का?" ती म्हणाली. "सगळं गाव त्याची नक्कल करतं. पण नाही हो जमत कुणाला."

"आर्लीन, मीच आहे. लाइल."

"तो अजून निघाला नाही. निघाला की सांगतो तो." तिने मारिसोलकडे बघून मान हलवली, म्हणजे बघ, किती भोळी माणसं असतात. मग तिला त्याच्या हातातले पेले दिसले, आणि तिच्यातली घरधनीण जागी झाली. बाहेर कुणी उभं असलं तर त्याला आत घेतल्याशिवाय राहायची तिची रीत नव्हती. "या ना, आत बसा. थंडी आहे बाहेर. तुम्हाला लाइलकडे काम आहे का?"

लाइलने होकारार्थी मान डोलावली.

"मग थांबा माझ्याबरोबर. येईलच तो."

तिने त्याला खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली, पाहुण्याला देतात ती. पडद्यावर दुसरी मॅच सुरू झाली, आणि तिने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प बसायची खूण केली. लाइलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याबरोबर वाट बघत बसला.